घागर, बंब आणि हद्द : जुन्नर-आंबेगावातील अग्निसंरक्षणाचा इतिहास

पुणे जिल्ह्यातील जुन्नरभोवतीच्या डोंगरांत सातवाहनकाळापासून कोरलेली दोनशेहून अधिक लेणी आहेत, आणि तेथील ब्राह्मी लेखांत ज्या दात्यांची नोंद आढळते त्यांत श्रेणी, म्हणजे एकाच व्यवसायातील लोकांची संघटित मंडळे, ठळकपणे दिसतात. बांबूकाम करणारे आणि काशाची भांडी घडवणारे यांच्या श्रेणी ज्या नगरात नांदत होत्या, तेथे जळाऊ माल आणि धगधगती भट्टी एकमेकांपासून फार दूर नसणार, असे अनुमान करता येते. त्या नगराची लाकडी घरे आज उरलेली नाहीत. त्यांच्या तुळया आणि कमानी कशा असत हे लेण्यांत दगडात केलेल्या अनुकरणांवरूनच कळते. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि त्यासोबत एक ‘पोढी’, म्हणजे खडकात खोदलेले पाण्याचे टाके, दान दिल्याचा लेख येथेच आहे. हे टाके भिक्षूंच्या वापरासाठी होते आणि त्याचा आगीशी संबंध जोडणे ओढाताणीचे ठरेल; मात्र पाण्याचा साठा करण्याचे काम एखादे मंडळही अंगावर घेई, एवढे त्यावरून निश्चित दिसते.

मध्ययुगात आणि पेशवाईत पुणे प्रांतातील पेठांची घरे सागवानी खांब, तुळया, विटा आणि माती यांची असत, आणि शेजारच्या दोन वाड्यांमध्ये पुष्कळदा एकच भिंत असे. अशा वस्तीत आग विझवण्याचे वेगळे खाते नव्हते. हाक उठली की जवळच्या आडावर किंवा विहिरीवर माणसांची रांग लागे, घागरी-कळश्या हातोहात पुढे जात, आणि पाणी अपुरे पडते आहे असे दिसताच पुढच्या घराचे छप्पर उतरवून आगीची वाट तोडली जाई. हा दुसरा उपाय अधिक महत्त्वाचा आहे, कारण तो पाण्याच्या साठ्यावर अवलंबून नाही. मात्र त्यासाठी ज्याचे छप्पर अजून पेटलेले नाही अशा घरमालकाला ते शेजाऱ्यांसाठी मोडू द्यावे लागते, आणि ही संमती गावकीच्या बंधनातूनच मिळत असे. या व्यवस्थेला मर्यादाही होती. १८२८ च्या फेब्रुवारीत पुण्याच्या शनिवारवाड्याला लागलेली आग सुमारे आठवडाभर धुमसत राहिली आणि आतील इमारती नष्ट झाल्या. १८७९ च्या मे महिन्यात बुधवारवाडा आगीत गेला. जेथे माणसांची आणि पाण्याची वाण नव्हती त्या पुण्यात हे घडले, तर डोंगरपायथ्याच्या गावाची अवस्था काय असेल, हे सांगण्याची गरज नाही.

एकोणिसाव्या शतकात नगरपालिका आल्या आणि त्यांच्याबरोबर ‘बंब’ हा शब्दही सर्वतोमुखी झाला. पोर्तुगीज भाषेतील पंपवाचक ‘बोंबा’ या शब्दापासून तो मराठीत आला असून, पुढे आग विझवणारी गाडी आणि पाणी तापवण्याचे तांब्याचे भांडे अशा दोन परस्परविरोधी वस्तूंना तो लागू पडला. १९०१ च्या मुंबई जिल्हा नगरपालिका कायद्याने आग विझवणे आणि आगीच्या वेळी जीवित व मालमत्तेचे रक्षण करणे हे नगरपालिकेचे आवश्यक कर्तव्य ठरवले, तसेच गवत, चटया, पाने यांसारख्या जळाऊ वस्तूंनी छपरे शाकारण्यावर निर्बंध घालण्याचा अधिकार तिला दिला. महाराष्ट्राच्या १९६५ च्या नगरपरिषद कायद्यातही हे कर्तव्य कायम राहिले. त्यामुळे जुन्नर शहरात आगीचा जाब विचारण्यासाठी निवडून आलेली सभा आणि मुख्याधिकारी असे उत्तरदायी ठिकाण निर्माण झाले, ही मोठीच गोष्ट होय. पण ते ठिकाण हद्दीपुरते होते, आणि तालुक्याचा बहुतांश भाग त्या हद्दीबाहेर पसरलेला होता.

हद्दीबाहेरचा, विशेषतः पश्चिमेकडचा भाग, आगीकडे निराळ्या नजरेने पाहणारा आहे. भातशेती करणाऱ्या महादेव कोळी आणि ठाकर समाजांत ‘राब’ भाजण्याची पद्धत आहे : रोपवाटिकेच्या जमिनीवर शेण, पालापाचोळा, गवत आणि माती यांचे थर देऊन ते पावसाळ्यापूर्वी जाळायचे, म्हणजे तणांचे बी मरते आणि राखेने जमीन सुपीक होते. येथे आग हे शेतीचे अवजार आहे, आणि वारा पडल्यावर पेटवणे, कडेचे गवत आधी झाडून घेणे हा त्याच अवजाराचा शिस्तबद्ध वापर आहे. वसाहतकालीन वनाधिकाऱ्यांना मात्र राबात प्रामुख्याने जंगलाची हानी दिसली, आणि ठाणे-कुलाबा भागातील हा वाद १८८५ साली नेमलेल्या मुंबई वन आयोगापुढे गेला. १९२७ च्या भारतीय वन कायद्याने राखीव वनात आग लावणे हा गुन्हा ठरवलाच, शिवाय कलम ७९ अन्वये वनात हक्क असलेल्यांवर वणव्याची खबर देण्याचे आणि तो विझवण्यास साहाय्य करण्याचे बंधन घातले. चराईचा किंवा लाकूडफाट्याचा हक्क हवा असेल तर वणव्याशी झुंजावे लागेल, असा हा करार होता, आणि त्याच्या अटी ठरवताना गावाला कोणी विचारले नव्हते. १९८५ साली घोषित झालेल्या भीमाशंकर अभयारण्याच्या परिसरात आजही उन्हाळ्यापूर्वी ‘जाळरेषा’ काढतात, म्हणजे ठरावीक पट्ट्यातील गवत आधीच काढून किंवा जाळून वणव्याला अडवणारी मोकळी जागा ठेवतात. हे काम ज्यांच्या हातून होते ते बहुधा आसपासच्या वाड्यांतलेच लोक असतात.

स्वातंत्र्यानंतर शहराची हद्द आणि हद्दीबाहेरची गावे यांतली ही दरी कायद्यात अधिकच स्पष्ट झाली. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत, म्हणजे शहरी संस्थांकडे सोपवता येणाऱ्या विषयांच्या यादीत, अग्निशमन सेवा सातव्या क्रमांकावर आहे. पंचायतींच्या अकराव्या अनुसूचीतील २९ विषयांत तिचे नावच नाही. केंद्राच्या स्थायी अग्निसल्लागार समितीने शहरात पाच ते सात मिनिटांत आणि ग्रामीण भागात वीस मिनिटांत मदत पोहोचावी, असे मान सुचवलेले आहे. पश्चिमेकडच्या आहुपे किंवा इंगळूणसारख्या गावाच्या घाटरस्त्याचा विचार केला, तर तालुक्याच्या गावाहून निघालेली गाडी हे मान कसे पाळील, हा प्रश्न गंभीरपणे विचारला गेला पाहिजे. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायद्याने इमारतीच्या मालकावर आणि भोगवटादारावर अग्निसुरक्षेची जबाबदारी टाकली, आणि यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारीत व जुलैत सादर करण्याची अट घातली. रुग्णालये, मंगल कार्यालये आणि शाळा यांच्यासाठी ही अट अत्यंत मोलाची आहे, परंतु उभे पीक तिच्या कक्षेत येत नाही.

कुकडी आणि घोड या नद्यांवरील धरणांच्या पाण्याने जुन्नर-आंबेगावचा पूर्वभाग उसाचा झाला, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी वीजवाहक तारांच्या घर्षणातून पडलेली ठिणगी वाळल्या पाचटाला पुरेशी ठरू लागली. जळालेला ऊस लवकर गाळला नाही तर त्यातील साखर घटते, आणि कारखान्यावर ‘जळीत’ म्हणून त्याच्या दरात कपात होते. म्हणून फडाला आग लागली की शेतकरी गाडीची वाट पाहत उभा राहत नाही. वाऱ्याची दिशा पाहून पेटत्या सऱ्यांच्या पुढचा, अजून हिरवा असलेला ऊस शेजारीपाजारी कोयत्याने तोडतात आणि आगीपुढे मोकळा पट्टा पाडतात. तो तोडलेला ऊस पुष्कळदा दुसऱ्याच्या मालकीचा असतो.