उष्णतेने थिजणारी द्रावणे : शाखित बहुवारिकांच्या इतिहासातील एक प्रकरण

प्रस्तावना

चायना ग्रासचे पाणी थंड झाले की थिजते आणि तापविले की पुन्हा पातळ होते. चिकाचे दूध उलट उष्णतेने घट्ट होऊन त्याचा खरवस बनतो. मात्र तो निवल्यावर त्याचे पुन्हा दूध होत नाही. थंड असता पातळ, उबेत घट्ट आणि थंड करताच पुन्हा पातळ, असे तिसरे वर्तन काही बहुवारिकांच्या, म्हणजे पॉलिमरांच्या, जलीय द्रावणांत आढळते. या पदार्थांची गणना आज ‘स्मार्ट’ पदार्थांत होते व त्यांचा आरंभ सामान्यतः 1980 च्या दशकात मानला जातो. या इतिहासाची मुळे त्याहून जुनी आहेत आणि उद्योगाने दोष मानलेल्या रेणूच्या फांदीला त्यात मध्यवर्ती स्थान आहे, अशी मांडणी प्रस्तुत लेखात केली आहे.

फांदी : एक अडचण

हेरमान श्टाउडिंगर यांनी 1920 साली बहुवारिके ही दीर्घ शृंखलांची बनलेली असतात, असे प्रतिपादन केले. रेझीन तयार करणाऱ्या उद्योगांना मात्र सरळ शृंखलेपेक्षा शाखित शृंखलेचीच चिंता अधिक होती. तीन टोकांनी जोडला जाणारा घटक अभिक्रियेत असला की फांद्या फुटत जातात आणि एका क्षणी पात्रातील द्रव अकस्मात न विरघळणारा गोळा बनतो. पॉल फ्लोरी यांनी 1941 साली या क्षणाचे गणित मांडले. एका फांदीपासून पुढच्या फांदीपर्यंत पोहोचण्याची संभाव्यता त्रिबंधी घटकाबाबत निम्म्यावर गेली की अखंड जाळे, म्हणजेच जेल, अस्तित्वात येते. पुढे 1952 साली त्यांनी असेही दाखविले की एका टोकाला एक आणि दुसरीकडे अनेक पूरक गट असलेल्या घटकांपासून अतिशाखित रेणू बनतात, पण जेल बनत नाही. फांदी आणि जेल या दोन गोष्टी परस्परांपासून वेगळ्या करता येतात, हा या निष्कर्षाचा खरा अर्थ होता. त्याची प्रायोगिक प्रचीती मात्र 1990 च्या सुमारास, किम आणि वेब्स्टर यांच्या ड्यूपाँटमधील अतिशाखित बहुवारिकांनी आली.

उष्णतेचा उलटा परिणाम

दुसरा प्रवाह पाण्याशी संबंधित आहे. टोरांटो विद्यापीठातील हेस्किन्स व गिले यांनी 1968 साली पॉलि-एन-आयसोप्रोपिलअ‍ॅक्रिलअमाइडचे द्रावण सुमारे 32 अंश सेल्सिअसला गढूळ होते, हे नोंदविले. जलद्वेषी गटांभोवती पाण्याचे रेणू सुव्यवस्थित मांडणीत अडकलेले असतात. तापमान वाढताच ते सुटतात, एन्ट्रॉपी वाढते आणि शृंखला आक्रसतात. तथापि विरल द्रावणातील सरळ शृंखला आक्रसून केवळ साका बनतो, जेल नव्हे.

जेलचा मार्ग वायंडॉट कंपनीच्या पृष्ठक्रियाशील पदार्थांतून निघाला. जलद्वेषी मध्यभाग व जलस्नेही टोके असलेल्या प्लुरोनिक वर्गाचे पेटंट 1954 सालचे आहे. याच कंपनीच्या टेट्रोनिक वर्गात एथिलीनडायअमाइनच्या केंद्रापासून अशाच रचनेच्या चार भुजा निघतात. अरविंग श्मोल्का यांनी 1972 साली प्लुरोनिक एफ-127 चे जेल भाजलेल्या जखमांसाठी सुचविले. पातळ थंड द्रव जखमेवर ओतावा आणि शरीराच्या उबेने त्याचे आवरण व्हावे, ही ती कल्पना होती. भाजलेल्या त्वचेवर काहीही दाबून बसविणे रुग्णाला असह्य असते, हे ध्यानात घेता तिचे मोल कळते. पण शरीरद्रवांत हे जेल विरळ होऊन लवकर वाहून जाते. कारण त्यातील गोलक केवळ एकमेकांना खेटून उभे असतात, जोडलेले नसतात.

दोन प्रवाहांचा संगम

शाखेचे महत्त्व 1995 साली जपानी संशोधकांनी ‘नेचर’मध्ये निराळ्या रीतीने सिद्ध केले. जाळ्याला कंगव्याच्या दातांसारख्या मुक्त शाखा जोडल्यास जेल सुमारे 20 मिनिटांत आक्रसते. शाखाविरहित जेलला महिन्याहून अधिक काळ लागू शकतो. याच दशकात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत लेले, बडिगेर, माशेलकर व सहकारी या वर्गाच्या जेलमधील बद्ध पाण्याचे सैद्धांतिक विवेचन करीत होते. ते 1997 साली प्रसिद्ध झाले.

नियंत्रित मूलक बहुवारिकीकरणाची एटीआरपी ही पद्धत 1995 साली पुढे आल्यावर फ्लोरी यांचा उंबरठा हाताळता येऊ लागला. ताय, वांग व सहकाऱ्यांनी 2009 साली द्विबंधी घटक अल्प प्रमाणात मिसळून एकाच टप्प्यात तापमानसंवेदी व प्रकाशाने जोडता येणारी बहुवारिके तयार केली. उंबरठ्याच्या अलीकडे रोखलेला शाखित रेणू विद्राव्य राहतो, उबेने घट्ट होतो आणि त्याचे शिल्लक दुहेरी बंध नंतर कायमचे जोडता येतात. श्मोल्का यांच्या जेलमधील उणीव भरून काढण्याचा हा मार्ग आहे.

समारोप

ज्या फांदीने कारखान्यातील पात्रे निकामी केली, तीच येथे उपयोगी पडली. असे घडले ते 1941 चे गणित, 1954 चा औद्योगिक पदार्थ आणि 1968 चे निरीक्षण एकत्र आल्यामुळे. आपल्या अभ्यासक्रमांत हे तीन धागे भौतिक रसायनशास्त्र, औद्योगिक रसायनशास्त्र व जैवतंत्रज्ञान अशा तीन कप्प्यांत विभागलेले असतात. त्यामुळे विद्यार्थ्याला शोध हा अचानक झालेला चमत्कार वाटतो. जखम भरेपर्यंत टिकणारे आणि भरताच निघून जाणारे जेल घडविणे हे आव्हान अजूनही कठीण आहे. ते पेलू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला हे तिन्ही धागे एकत्र शिकविणे, ही अध्यापकाची जबाबदारी ठरते.