बाहीखालचे व्रण

माझ्या लहानपणी औरंगाबादच्या आमच्या मोहल्ल्यात एखाद्या मुलाने स्वतःला जखमा केल्या, की घरचे त्या बाहीखाली झाकत. बदनामीची भीती होतीच, पोलिसांचीही होती. अशा प्रत्येक जखमेमागे मरणाची इच्छा नसते. पण १८६० च्या दंडविधानात आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा होता. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा व्यक्तीला शिक्षा नव्हे, उपचार द्यायला सांगितले.

अमेरिकेत १९६१ साली स्वतःला इजा करणारी सतरा वर्षांची मार्शा लिनेहान रुग्णालयात होती. पुढे मानसशास्त्रज्ञ होऊन त्यांनी ‘डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी’ घडवली. तिचे सार असे: आधी वेदना खरी माना, मग ती पेलण्याचे कौशल्य शिकवा. २०११ साली त्यांनी स्वतःची कहाणी जाहीरपणे सांगितली.

अम्मी-अब्बांनो, जाब विचारण्याआधी लेकराशेजारी बसा. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.