शॉकअप, मोटारसायकलचा पुढचा

पुढच्या चाकाला हँडलशी जोडणारी आणि खड्ड्याचा दणका जिरवणारी दुहेरी नळी. हिलाच फोर्क असेही म्हणतात. फोर्कच्या दोन्ही पायांत क्रोमचा मुलामा दिलेला पाईप खालच्या नळकांड्यात सरकतो. आत स्प्रिंग आणि तेल असते. स्प्रिंग वजन पेलते. बारीक छिद्रांतून रेटले जाणारे तेल तिची उसळी आवरते. नळकांड्याच्या तोंडाशी बसवलेले ऑइल सील तेल आत राखते, त्यावरचे डस्ट सील धूळ अडवते. आडवाटेच्या गाड्यांत पाईप सरकायला जास्त वाव ठेवतात. २०१९ साली आलेल्या हिरो एक्सपल्स २०० मध्ये तो १९० मिलिमीटर होता. परभणी जिल्ह्यात मात्र शेतापर्यंतची खडतर वाट साध्या शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्याही रोज तुडवतात, आणि खाली सांगितलेली निगा त्यांनाही तेवढीच लागू आहे.

गोदावरी, पूर्णा आणि दुधनेच्या खोऱ्यांतली काळी माती पावसात फुगते, चिकटते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पांदणीतून आलेल्या गाडीच्या पाईपवर चिखलाचे शिंतोडे बसतात. ते ओले असताना बोटानेही निघतात. रात्रभरात वाळले की सकाळी पहिल्याच ब्रेकला पाईप खाली जातो आणि ते कण सीलच्या पातळ ओठाखाली ओढले जातात. इथल्या शॉकअपचा खरा शत्रू खड्डा नव्हे, हा वाळलेला चिखल आहे. म्हणून घरी पोचताच पाईपवर साधे पाणी ओतून फडके फिरवावे. वॉशिंगच्या पाण्याचा जोरदार फवारा थेट सीलवर मारू नये. घाण त्यानेच आत जाते.

पाईपवर तेलाचे कडे दिसले की सील गळते आहे. लगेच नवे टाकण्याची घाई नको. डस्ट सील वर सरकवून पातळ, लवचीक प्लॅस्टिकची पट्टी ओठाखालून फिरवली तर अडकलेला कण निघतो आणि पुष्कळदा गळती थांबते. तरीही थांबली नाही, तर पाईपवर नख फिरवून पाहावे. गंजाचा खड्डा किंवा ओरखडा नखाला लागत असेल, तर तसल्या पाईपवर बसवलेले नवे सीलही थोड्याच दिवसांत फाटते. गळती अंगावर काढणे धोक्याचे, कारण तेल ओघळून डिस्क ब्रेकवर उतरते.

गाडी उसळत राहिली किंवा खड्ड्यात पुढून खट्‌कन बसली, तर तेल पातळ झाले आहे वा कमी आहे. कंपनीने सांगितलेल्या प्रतीचेच तेल दोन्ही पायांत सारखे मोजून भरावे. जास्त भरले तर वरच्या हवेला जागा उरत नाही. शॉकअप कडक होतो आणि सीलवर ताण येतो.

ब्रेक लावताना खटखट आली, तर पुढचे चाक अधांतरी करून दोन्ही पाय खालून धरावेत आणि मागेपुढे हलवावेत. हँडलच्या मानेशी खेळ जाणवला तर दोष कोनसेटचा, म्हणजे मानेतल्या बेअरिंगचा. पाईप नळकांड्यात डुगडुगला तर बुश झिजले आहेत. पंक्चर काढल्यानंतर शॉकअप अडकत असेल तर एक्सल सैल करावा, हँडल धरून गाडी चार-पाचदा दाबावी आणि मगच नट आवळावा.