मुक्तिसदनातील अग्नी आणि कृपादानांचा प्रश्न

पंडिता रमाबाईंवरील मराठी लेखन बहुधा 'स्त्रीधर्मनीति' (१८८२) आणि अमेरिकेचे प्रवासवृत्त (१८८९) यांच्यापाशी थांबते. शारदासदनावरून १८९३ मध्ये उठलेल्या वादळानंतर आपली समीक्षा त्यांना मिशनऱ्यांच्या हवाली करून मोकळी होते. केडगावच्या मुक्तिसदनात १९०५ साली जे घडले त्याकडे म्हणूनच साहित्याच्या अभ्यासकांचे लक्ष गेले नाही. वास्तविक तो प्रश्न वाणीचा होता. कोणी बोलावे आणि त्या बोलण्याला प्रमाण कोणी ठरवावे, याचा.

वेल्समधील १९०४ च्या धर्मजागृतीच्या वार्ता केडगावला पोहोचल्या होत्या. १९०५ च्या आरंभी रमाबाईंनी प्रार्थनेचा गट सुरू केला आणि वर्षाच्या मध्यापर्यंत सुमारे ५५० जणी दिवसातून दोनदा एकत्र जमू लागल्या. २९ जूनच्या पहाटे एक मुलगी आपल्या अंगाला आग लागल्याच्या जाणिवेने जागी झाली. देखरेख करणारी बाई पाण्याची बादली आणायला धावली. पाणी ओतण्याच्या बेतात असताना ज्वाळा कुठेच नसल्याचे तिच्या ध्यानात आले. दुसऱ्या दिवशी रमाबाई शास्त्रवचन समजावून सांगत असताना मुली मोठमोठ्याने रडू लागल्या, प्रार्थना करू लागल्या, आणि रमाबाईंना आपले बोलणे आवरावे लागले. एकेकाळी कलकत्त्याच्या पंडितांनी जिला 'सरस्वती' म्हटले, तिच्यावर अनाथ आणि दुष्काळातून वाचलेल्या मुलींपुढे गप्प बसण्याची वेळ यावी, हा प्रसंग एखाद्या कादंबरीकाराने रचला असता तर आपण त्याला कृत्रिम म्हटले असते.

मराठी बायबलमधला 'कृपादान' हा शब्द मला अतिशय नेमका वाटतो. मूळ ग्रीक 'खारिस्मा' हा 'खारिस' म्हणजे कृपा या शब्दापासून आलेला. जे मिळवले नाही, केवळ मिळाले, ते कृपादान. ज्ञानाचे वचन, रोग बरे करण्याची शक्ती, संदेश देणे, आत्म्यांची पारख, अन्य भाषा आणि त्यांचा अर्थ सांगणे ही दाने पौल करिंथकरांना मोजून दाखवतो, कारण त्या मंडळीत कोणाचे दान श्रेष्ठ यावर तंटा माजला होता. प्रीतीवरचा प्रसिद्ध तेरावा अध्याय आज लग्नसमारंभात सुटा वाचला जातो. प्रत्यक्षात तो बाराव्या आणि चौदाव्या अध्यायांच्या मधोमध, ऐन वादात, उभा आहे. तो वगळला तर आत्म्याने चालणारे जीवन म्हणजे चमत्कारांची जंत्री होऊन बसते.

हा वाद विसाव्या शतकाच्या आरंभी नव्याने पेटला. टोपेका येथे १९०१ मध्ये चार्ल्स परहॅम यांच्या शिष्यांनी आणि १९०६ पासून लॉस एंजलिसच्या अझुसा रस्त्यावर विल्यम सेमूर यांच्या सभांनी अन्य भाषांना महत्त्व दिले. पुढे अनेक पेंटेकॉस्टल पंथांनी त्यांनाच आत्म्याच्या बाप्तिस्म्याचा आद्य पुरावा मानले. मुक्तिसदनातली जागृती अझुसाच्या आधीची. तिथेही १९०६ च्या अखेरीपर्यंत अन्य भाषा ऐकू येऊ लागल्या. दौंडचे मिशनरी अल्बर्ट नॉर्टन यांनी इंग्रजी न येणाऱ्या मुलीला इंग्रजीत प्रार्थना करताना ऐकल्याचे लिहून ठेवले. हे खरे मानायचे की नाही ते वाचकाने ठरवावे. मला खुपते ते हे की मुलींच्या अनुभवांच्या बहुतेक नोंदी इंग्रजीत आणि दुसऱ्यांच्या हातच्या आहेत.

टीका झालीच. 'मुक्ती प्रेअर बेल' या आपल्या पत्रात रमाबाईंनी १९०७ मध्ये घेतलेली भूमिका विलक्षण संयत आहे. आत्म्याच्या बाप्तिस्म्याची एकमेव अत्यावश्यक खूण म्हणजे परिपूर्ण प्रीती, असे त्यांनी मांडले. मात्र भाषा, आरोग्यदान, संदेश ही दाने टाकून देण्याजोगी नाहीत, असेही बजावले. मुलींच्या रडण्याला त्यांनी उन्माद म्हणून दडपले नाही आणि त्यालाच कसोटीही केले नाही. ज्या बाईने शास्त्रीपंडितांचा अधिकार नाकारला आणि पुढे अँग्लिकन धर्मगुरूंशीही वाद घातला, तिच्याकडून दुसरी अपेक्षा कशाला करायची?

मुक्तिसदनात काम करणाऱ्या मिनी अब्राम्स यांनी १९०६ मध्ये या जागृतीवर पुस्तिका लिहिली. त्यांच्या एका जुन्या मैत्रिणीमार्फत ती चिलीमधील मेथडिस्ट मिशनरी विलिस हूवर यांच्या घरी पोहोचली आणि तिथल्या १९०९ च्या पेंटेकॉस्टल चळवळीला प्रेरणा देऊन गेली. म्हणजे केडगावकडून वाल्पाराइसोकडेही प्रवाह वाहिला. मिशनचा इतिहास सहसा उलट्याच दिशेने शिकवला जातो.

अन्य भाषेत कोणी बोललेच तर अर्थ सांगणारा हवा, असा पौलाचा आग्रह आहे. रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षे ज्या कामात घालवली ते या आग्रहाशेजारी ठेवून पाहावे. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्या संपूर्ण बायबल मराठीत आणत होत्या, तेही अल्पशिक्षित बायकांना कळेल अशा साध्या मराठीत. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या. भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. सदनाच्याच छापखान्यात, तिथल्याच बायकांनी खिळे जुळवून छापलेले.