बाडस मासा आणि नर्मदेचे थांबलेले पाणी

बुऱ्हाणपुरात पिढ्यान्‌पिढ्या वसलेल्या आपल्या मराठी घराण्यांना इतिहासाची ओढ मोठी. १७६० मध्ये उदगीरच्या विजयानंतर बुऱ्हाणपूर आणि अशीरगड पेशव्यांकडे आले, हे आपल्याकडे मुलेही सांगतात. खानखानाच्या काळात, १६१५ च्या सुमारास खोदलेला कुंडी भंडारा आपण पाहुण्यांना अगत्याने दाखवतो. थोरल्या बाजीरावांनी २८ एप्रिल १७४० रोजी रावेरखेडीस देह ठेवला, म्हणून नर्मदेशीही आपला जिव्हाळा आहे. परंतु या साऱ्या इतिहासात किल्ले आहेत, सनदा आहेत, पाण्याचे बांधकामही आहे. पाण्यातले जीव मात्र नाहीत.

पूर्वसूरींनी हा विषय हलका मानला नव्हता. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ या ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ असे प्रकरणच घातले. माशांच्या जाती, त्यांचे आमिष आणि गळ यांचे तपशील त्याने नोंदले. एका राजाला जे टिपून ठेवावेसे वाटले, ते आपल्याला का वाटू नये?

निमित्त आहे इंदिरा सागर जलाशयाचे. २००३ मध्ये बुऱ्हाणपूर स्वतंत्र जिल्हा झाला. त्याआधी आपण आणि हा जलाशय एकाच पूर्व निमाड जिल्ह्यात होतो. पुनासा येथील या धरणाची कोनशिला २३ ऑक्टोबर १९८४ रोजी बसली. २००४ च्या उन्हाळ्यात हरसूद गाव मोकळे करण्यात आले. लोकांनी आपल्याच हातांनी आपली घरे पाडली. आज पूर्ण पातळीला सुमारे नऊशे चौरस किलोमीटरवर पाणी पसरते. विस्थापितांची व्यथा पुष्कळांनी लिहिली. नदीतल्या विस्थापितांची फारशी कोणी लिहिली नाही.

त्यांतला प्रमुख म्हणजे महसीर. नर्मदेकाठी त्याला ‘बाडस’ म्हणतात. ढालीसारखे मोठे खवले, बळकट देह, आणि वाहत्या, निर्मळ, प्राणवायूने भरलेल्या पाण्याचा हट्ट. पावसाळ्यात तो प्रवाहाविरुद्ध वर चढतो आणि गोट्या-वाळूच्या उथळ जागी अंडी घालतो. धरणाने त्याचा मार्ग अडवला आणि त्याचे विणीचे पाट गाळाखाली गेले. पुढे ओंकारेश्वरचे धरण झाले आणि त्याचे पाणी पुनासाच्या दिशेने मागे पसरले. नदी म्हणून उरलेला टप्पाही त्यामुळे आखडला.

थांबलेल्या पाण्याचा हिशेब निराळा असतो. नव्या जलाशयात पहिली काही वर्षे बुडालेले रान आणि शेतातले खत कुजून पाणी पोषक होते, मासळी जोमाने वाढते. नंतर ती भर ओसरते. बुडालेल्या झाडांच्या खोडांत जाळी अडकून फाटतात. पावसात पाणी गढूळ होते, तर उन्हाळ्यात पातळी उतरून काठ मैलभर दूर जातो. अशा पाण्यात कटला, रोहू आणि मृगळ वाढवले जातात. कटला वरच्या थरात, रोहू मधल्या थरात, मृगळ तळाशी चरतो. तिघे एकमेकांच्या ताटात हात घालत नाहीत. मात्र स्थिर पाण्यात ते वीत नाहीत, म्हणून बाहेरून बीज सोडावे लागते. हे बीज हवे तेव्हा मिळू लागले ते डॉ. हिरालाल चौधरी यांच्या प्रयोगामुळे. १९५७ मध्ये त्यांनी माशाच्या मस्तिष्क-ग्रंथीच्या अर्काने कृत्रिम प्रजनन घडवले. नदीने आपसूक दिलेले धन आता माणसाने पेरून कापायचे पीक झाले. शिवडा, शिंगाडा, मरळ, वाम हे जुने रहिवासी अजून आढळतात.

मग नदीकाठचे केवट, कहार, धीवर यांचे काय? नदीत जाळे टाकणे हा त्यांचा पिढीजात अधिकार होता. जलाशयात त्यासाठी परवाना लागतो, आणि धरलेली मासळी कोणाला, कोणत्या भावाने द्यायची हे दुसराच ठरवतो. विणीच्या काळात, १६ जून ते १५ ऑगस्ट, राज्यात मासेमारी बंद असते. नियम योग्य आहे. पण त्या दोन महिन्यांत चूल कशावर पेटावी, हा प्रश्न उरतोच. वाट नाही असेही नाही. नर्मदेच्याच उपनदीवरील तवा जलाशयात १९९६ ते २००६ अशी दहा वर्षे विस्थापितांच्या सहकारी संस्थांनी, तवा मत्स्य संघाच्या रूपाने, मासेमारी आणि विक्री स्वतः चालवून दाखवली. ती व्यवस्था मुदतीनंतर चालू ठेवली गेली नाही, ही खेदाची गोष्ट.

२०११ मध्ये मध्यप्रदेश शासनाने महसीरला राज्यमत्स्याचा मान दिला. ज्याचे घर आपण बुडवले त्यालाच आपण पदवी दिली, असे कोणी म्हटले तर त्याला दोष देता येणार नाही. तथापि मान मिळाल्याने निदान नाव तरी टिकेल. नावेही मरतात, आणि नाव गेले की हरवले काय, हेही कळेनासे होते.

म्हणून वाचकांस एक विनंती. आपल्या घरातील वृद्धांना, तापीच्या राजघाटावर बालपण घालवलेल्यांना विचारावे, की पूर्वी डोहात कोणते मासे दिसत आणि त्यांना काय म्हणत. उत्तरे वहीत उतरवून ठेवावीत. आपल्या घराण्यांनी वंशावळी जपल्या. नदीची वंशावळ लिहिण्याचे काम अजून बाकी आहे.