‘परवानगी’ आणि ‘नोटीस’: शासनाविरुद्धच्या दाव्याची पूर्वपीठिका

‘सरकारवर दावा लावायला कोर्टाची परवानगी लागते’ हे विधान गोंदियाकडे अनेकदा कानी पडते. कायद्याच्या दृष्टीने ते सामान्यतः चुकीचे होय. इंग्लंडात १९४७ पर्यंत राजसत्तेवर दावा करण्यास तिचीच अनुमती घ्यावी लागे. हिंदुस्थानात मात्र कंपनी सरकार मुळात व्यापारी असल्याने तो दंडक येथे रुजला नाही. सरकारी गोदीतील कामगारांच्या हयगयीने घोडा जखमी झाला, तेव्हा १८६१ साली कलकत्त्याच्या न्यायालयाने सरकारकडून भरपाई देवविली. (सार्वभौम कृत्यांचा अपवादही त्याच निर्णयातून निघाला, व तो पुढे शतकभर वादींना नडला.)

कायद्याने मागितली ती परवानगी नव्हे, पूर्वसूचना. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे ८० वे कलम लेखी नोटीस देऊन दोन महिने थांबावयास सांगते. हे थांबणे किती कठोर असू शकते, हे मालेगावकरांस कळले. तेथील १९२१ च्या दंग्यानंतर रहिवाशांवर नुकसानभरपाईची वसुली बसविण्यात आली. ती थांबविण्यासाठी भागचंद दगडूसा आदींनी दोन महिन्यांची मुदत न पाळता दावा केला. मनाईहुकुमासारख्या तातडीच्या मागणीसही या कलमात सूट नाही, असे प्रिव्ही कौन्सिलने १९२७ साली ठरविले. विधी आयोगाने पुढे हे कलमच रद्द करण्याची शिफारस केली. ती स्वीकारली गेली नाही.

‘परवानगी’ हा शब्द खऱ्या अर्थाने अवतरला तो १९७६ च्या दुरुस्तीने. तातडीचा दिलासा हवा असेल, तर न्यायालयाच्या परवानगीने नोटिशीवाचून दावा दाखल करता येतो. तथापि शासनाचे म्हणणे ऐकल्यावाचून अंतरिम आदेशही मिळत नाही. आणि तातडी न पटल्यास दावा परत केला जातो.

हयगयीच्या दाव्यात हा भेद निर्णायक ठरतो. गोंदिया परिसरातील जुने मालगुजारी तलाव १९५१ मध्ये शासनाकडे गेले. ‘माजी मालगुजारी’चे लोकांनी ‘मामा तलाव’ केले. मामा कोणाचा, हे मात्र पाळ फुटल्यावर विचारावे लागते. पाळ फुटण्याच्या बेतात असेल, तर ‘तातडी’ दाखविता येईल. पीक वाहून गेल्यावर उरते ती भरपाई, आणि तिला नोटीस हवीच. पुढचा पल्लाही लांबचा असतो. औरंगाबादच्या शासकीय रुग्णालयात १९६३ साली शस्त्रक्रियेनंतर पोटात कापड राहून एक स्त्री दगावली. खालच्या न्यायालयाने देवविलेले ३६,००० रुपये उच्च न्यायालयाने नाकारले व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये पुन्हा मान्य केले: अच्युतराव खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य.

राज्य शासनावरील नोटीस सचिवाच्या किंवा जिल्हाधिकाऱ्याच्या कार्यालयात पोचवावयाची असते. १ मे १९९९ पूर्वी गोंदियाकरांचा जिल्हाधिकारी भंडाऱ्यास बसे. रेल्वेसंबंधीची नोटीस महाव्यवस्थापकाच्या नावे जाते. ते कार्यालय पूर्वी कलकत्त्यास होते, २००३ पासून बिलासपुरास आहे.