पोटात उतरलेली सोनोग्राफी



सोनोग्राफी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दोन गोष्टी येतात. एक पोटुशी बाई आणि दुसरी दवाखान्यातली पाटी, 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही'. या यंत्राचा लेकींच्या विरोधात वापर झाला. गर्भलिंगनिदान रोखायला महाराष्ट्राने १९८८ साली कायदा केला आणि १९९४ साली तो देशासाठी झाला. पण हेच यंत्र पुढे दुर्बिणीच्या टोकावर बसून थेट पोटात उतरलं. त्याला एंडोस्कोपिक अल्ट्रासाऊंड म्हणतात. मोठ्या दवाखान्यात डॉक्टर 'ईयूएस करून घ्या' म्हणतात, ते हेच. आज त्याची गोष्ट ऐकू या.

आधी दुर्बिणीबद्दल. पूर्वी पोटात काय बिघडलंय हे बघायला डॉक्टरांकडे नाडी, हात आणि शेवटी चाकू एवढंच होतं. १८६८ साली जर्मनीत कुसमाउल नावाच्या डॉक्टरांनी एक सरळ धातूची नळी घेतली आणि तलवार गिळण्याचा खेळ करणाऱ्या माणसाला ती गिळायला लावली. नळी जठरापर्यंत गेली, पण आत उजेडच पुरेना. शिवाय साध्या माणसाला अशी ताठ नळी गिळता येणार कशी?

वाट सापडली ती जवळजवळ नव्वद वर्षांनी, आणि त्यात आपल्या देशाच्या माणसाचा हात होता. पंजाबातल्या मोगा इथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी लंडनला शिकत होते. त्यांनी आणि त्यांचे शिक्षक हॉपकिन्स यांनी १९५४ साली दाखवून दिलं, की काचेच्या केसासारख्या बारीक तंतूंची जुडी केली तर वाकलेल्या वाटेनेही चित्र पलीकडे नेता येतं. ते वाचून अमेरिकेतल्या हिर्शोविट्झ या डॉक्टरांनी लवचिक दुर्बीण तयार करवली. १९५७ साली त्यांनी ती आधी स्वतःच्या घशात घातली आणि मग रुग्णाला.

आता सोनोग्राफी. विहिरीच्या काठावर उभं राहून हाक मारली की आवाज फिरून येतो ना? तसाच माणसाच्या कानाला ऐकू न येणारा आवाज शरीरात सोडायचा आणि परत येणाऱ्या आवाजावरून चित्र काढायचं. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचे स्त्रीरोगतज्ज्ञ इयन डोनाल्ड यांनी बॉयलरच्या कारखान्यात धातूमधली भेग शोधायचं असं यंत्र पाहिलं आणि ते बायकांच्या पोटावर लावून बघायचं ठरवलं. एका बाईचं पोट फुगलं होतं. तिला जठराचा कॅन्सर आहे, तोही हाताबाहेर गेलेला, असं डॉक्टरांना वाटत होतं. यंत्राने दाखवलं की ती अंडाशयावरची पाण्याने भरलेली मोठी गाठ आहे. शस्त्रक्रियेने गाठ काढली आणि बाई वाचली. १९५८ साली डोनाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम जगापुढे मांडलं.

एवढं झालं तरी एक अवयव हाती येत नव्हता, तो म्हणजे स्वादुपिंड. तो जठराच्या मागे, पाठीच्या कण्याजवळ दडून बसलेला असतो. जेवण पचवायचा रस आणि साखर ताब्यात ठेवणारं इन्सुलिन तिथेच तयार होतं. मध्ये आतड्यांतला गॅस येतो आणि हवा आली की हा आवाज अडतो. पोटावर थंड जेल लावतात ते याचसाठी, यंत्र आणि कातडी यांच्यात हवा राहू नये म्हणून.

मग बाहेरून हाक मारण्यापेक्षा आतच का जाऊ नये? १९८० साली अमेरिकेत डिमॅग्नो आणि त्यांच्या सोबत्यांनी दुर्बिणीच्या टोकाला सोनोग्राफीचं छोटं यंत्र बसवून कुत्र्यांवर प्रयोग केले. त्याच वर्षी जर्मनीतल्या डॉक्टरांनी माणसांवर केलेल्या तपासण्या प्रसिद्ध केल्या. दुर्बीण जठरात पोचली की स्वादुपिंड अगदी भिंतीपलीकडे येतं. गाण्यासारख्या आवाजाच्याही पट्ट्या असतात. वरच्या पट्टीचा आवाज स्पष्ट चित्र देतो, पण खोल जात नाही. जवळ पोचल्यावर खोल जायची गरजच उरत नाही, म्हणून वरची पट्टी वापरता येते. त्यामुळे जठराच्या भिंतीचे थर वेगवेगळे दिसतात आणि पोटावरून न दिसलेला पित्तनलिकेतला बारीक खडाही सापडतो.

पण नुसतं दिसून भागत नाही. गाठ साधी की कॅन्सरची, हे कळायला तिच्यातल्या पेशी तपासाव्या लागतात. आधीच्या यंत्रात सुई कुठे चालली आहे हे नीट दिसत नसे. डेन्मार्कच्या पीटर विल्मन यांनी अशी दुर्बीण वापरली, जिच्यात सुई लांबीभर पडद्यावर दिसते. १९९२ साली त्यांनी स्वादुपिंडातून असा नमुना काढल्याचं प्रसिद्ध केलं. त्याच वर्षी जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या डॉक्टरांनी याच वाटेने स्वादुपिंडाजवळ साठलेलं पाणी जठरात काढून दिल्याचं मांडलं. दारूमुळे किंवा पित्ताच्या खड्यामुळे स्वादुपिंडाला सूज आली की पुढे असं पाणी साठू शकतं. पूर्वी त्यासाठी पोट उघडावं लागायचं. आता डमरूच्या आकाराची जाळीची नळी बसवतात. दोन्ही टोकं रुंद असल्यामुळे ती जागची हलत नाही. तपासणीचं यंत्र असं उपचाराचंही झालं.

मैत्रिणींनो, प्रत्येक पोटदुखीला ही तपासणी लागत नाही. तिला खर्च येतो, आणि सुई घातली तर क्वचित रक्तस्राव, जंतुसंसर्ग किंवा स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. पण आपल्या गावात ही गोष्ट सांगायचं कारण आहे कावीळ.

कावीळ झाली की आपल्याकडे आधी गळ्यात माळ पडते. विषाणूमुळे झालेली कावीळ बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप उतरते आणि नाव माळेचं होतं. पण पित्तनलिकेत खडा अडकला किंवा स्वादुपिंडाच्या गाठीने ती दाबली, तर ती कावीळ माळेने उतरत नाही, वाढत जाते. शौचाला पांढरट होणं, लघवी गडद होणं, अंगाला खाज सुटणं, वजन उतरणं, पोटातली कळ पाठीत जाणं, ही तिची लक्षणं. कावीळ दिसली तर रक्त तपासून घ्या आणि पोटाची सोनोग्राफी करा. सोबत थंडी-ताप असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. पुढची तपासणी लागेल की नाही, ते डॉक्टर ठरवतील.

त्यांनी ईयूएस सांगितलं, तर विचारा: यातून काय कळणार? नमुना घेणार का? किती तास उपाशी राहायचं? रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधीच सांगा. गुंगीचं औषध देतात, म्हणून सोबत कुणीतरी हवं. खर्च सरकारी योजनेत बसतो का, हे दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा.

'बायकांचं पोट दुखतंच' असं म्हणत आपण वर्षानुवर्षं ओवा खाऊन झोपतो. पोटाच्या आतलं दिसावं म्हणून शंभर वर्षांहून जास्त काळ माणसं झटली. त्याचा उपयोग तेव्हाच, जेव्हा दुखणारी बाई वेळेवर बोलेल आणि घरचे तिला गाडीत बसवतील. येत्या बैठकीत हप्ते गोळा करताना एकमेकींना हेही विचारू या, कुणाचं काही दुखतंय का?